जिन्यात थांबलेला माणूस : 'द फ्युजिटिव्ह'चा शेवटचा भाग

रात्रपाळी

ही अमेरिकी टीव्ही मालिका १९६७ साली संपली आहे, त्यामुळे 'रहस्य फोडलंत' ही तक्रार चालणार नाही. ज्यांना पाहायची आहे त्यांनी इथूनच मागे फिरा.

गेल्या पावसाळ्यात रात्रीची जेवणं झाली की एक किंवा दोन भाग, असं करत 'द फ्युजिटिव्ह' संपवली. एकूण १२० भाग. पहिले तीन सीझन कृष्णधवल, चौथा रंगीत. (रंग आले आणि मजा थोडी गेली. पळणाऱ्या माणसाला काळ्या सावल्याच शोभतात.)

ज्यांनी काहीच पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रिचर्ड किंबल हा इंडियाना राज्यातल्या स्टॅफर्ड या काल्पनिक गावातला डॉक्टर. मूल मृत जन्मलेलं, पुन्हा होण्याची आशा नाही. त्याला दत्तक घ्यायचंय, बायकोला, हेलनला, नकोय. एका रात्री कडाक्याचं भांडण होतं आणि तो गाडी काढून तळ्याकाठी जाऊन बसतो. परत येताना गाडीच्या दिव्यांच्या झोतात एक हात नसलेला माणूस पळताना दिसतो. घरात हेलन मरून पडलेली. तळ्यावर होडीत एक पोरगा होता, तो साक्षीदार होऊ शकला असता, पण बेटा झोपला होता. कोर्ट किंबलला मृत्युदंड ठोठावतं. पोलीस लेफ्टनंट जेरार्ड त्याला आगगाडीने तुरुंगात घेऊन जात असताना गाडी रुळांवरून घसरते आणि किंबल निसटतो. मग चार वर्षं हा केस काळे करून, नावं बदलत, कुठे बारमध्ये, कुठे ट्रकवर, कुठे शेतावर राबत त्या एकहाती माणसाला शोधतोय आणि जेरार्ड याला.

शेवटचा भाग दोन तुकड्यांत आहे, 'द जजमेंट'. २२ आणि २९ ऑगस्ट १९६७, दोन्ही मंगळवार, रात्री दहा. नवे भाग एप्रिलमध्येच संपले होते. उन्हाळाभर जुनेच पुन्हा दाखवून लोकांना ताटकळत ठेवलं. दुसऱ्या तुकड्याला ७ कोटी ८० लाखांच्या आसपास प्रेक्षक होते असं सांगतात. त्या वेळी टीव्ही चालू असलेल्या दर शंभर घरांपैकी ७२ घरांत हेच लागलेलं होतं. हा विक्रम १९८० पर्यंत, म्हणजे 'डॅलस' या मालिकेत जे.आर. या पात्राला गोळी कुणी घातली ते कळेपर्यंत, टिकला. तेव्हा मालिका नीट संपवायची पद्धतच नव्हती. प्रेक्षक आटले की एक दिवस ती दिसेनाशी व्हायची. शिवाय शेवट कळला तर पुन:प्रक्षेपण कोण बघणार, हीही भीती होतीच.

आता मुद्द्यावर येतो.

पहिल्या तुकड्यात एकहाती फ्रेड जॉन्सन लॉस एंजेलिसमध्ये एका बारमध्ये धुडगूस घालून पकडला जातो. जेरार्ड तिथे पोहोचतो, कारण जॉन्सन जिथे तिथे किंबल येणारच. स्टॅफर्डमध्ये लहानाची मोठी झालेली जीन नावाची मुलगी किंबलला सावध करते, लपवते. तेवढ्यात कुणीतरी जॉन्सनला जामिनावर सोडवतं. जामीनदार म्हणून नाव कुणाचं? किंबलच्या सख्ख्या मेव्हण्याचं! जॉन्सन त्या जामिनाचा धंदा करणाऱ्याचाच काटा काढून स्टॅफर्डच्या दिशेने पसार होतो आणि किंबल जेरार्डच्या हातात सापडतो. चार वर्षांचा पाठलाग, आणि जेरार्डच्या चेहऱ्यावर विजयाची रेघसुद्धा नाही. उलट माफी मागितल्यासारखं बोलतो, तुझी वेळ संपली एवढंच.

दुसऱ्या तुकड्यात, परतीच्या वाटेवर, किंबल चोवीस तास मागतो आणि जेरार्ड देतो. इथून पुढे मी ताठ बसलो. कारण कळतं ते असं : मेव्हण्याचं नाव वापरणारा माणूस म्हणजे शेजारी, लॉइड चँडलर. युद्धात नाव काढलेला, गावात मान असलेला. खुनाच्या रात्री नवरा निघून गेल्यावर हेलनने त्यालाच फोन करून बोलावलं होतं. जॉन्सन चोरी करायला घुसला तेव्हा चँडलर घरातच होता, वर. जॉन्सन हेलनला मारत असताना तो जिन्यात उभा राहून बघत होता. पाय उचलले नाहीत. आणि नंतर तोंडही उघडलं नाही. शेजारचा माणूस मृत्युदंडाच्या कोठडीकडे निघाला तरी नाही.

आपण ११८ भाग 'एक हात नसलेला माणूस' शोधत होतो. आणि दोन्ही हात धड असलेला माणूस पलीकडच्या घरात जेवत होता.

जॉन्सन हा चोर. चोराकडून अपेक्षा काय ठेवणार? मला राग आला तो चँडलरचा. आणि त्याहून जास्त त्रास झाला तो हा की, मला त्याचं म्हणणं कळलं. पहिली दहा सेकंदं भीतीची होती, तिथपर्यंत माणूस समजून घेता येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आले, तेव्हा भीती जॉन्सनची उरली नव्हती. तेव्हा भीती होती 'लोक काय म्हणतील' याची. रात्री शेजारणीच्या घरात वर काय करत होतास, आणि होतास तर हललास का नाहीस? एका माणसाचा जीव या दोन प्रश्नांपुढे हलका ठरला.

माझ्या मते या मालिकेतला खरा न्यायनिवाडा किंबलचा नाहीच, तो जिन्यावरच्या माणसाचा आहे. तुम्हाला काय वाटतं?

---

कोकणकडा

मस्त लिहिलंय. मी फक्त १९९३चा सिनेमा पाहिलाय, हॅरिसन फोर्डवाला. आगगाडीचा अपघात बघायला तीनदा गेलो होतो. त्यात शेजारी वगैरे कुणी नाही, औषध कंपनीचं कारस्थान आहे.

फुलवा

आमच्याकडे पहिला सीझन चालू आहे. सोबतीला सासरे. ते पोलीस खात्यातून निवृत्त झालेत, फौजदार होते. पहिल्या दिवसापासून जेरार्डच्या बाजूने आहेत. म्हणतात, "कोर्टाने दोषी धरलेला कैदी माझ्या ताब्यातून पळाला तर मी काय गावभर विचारत फिरू, की बाबांनो हा निर्दोष आहे का? आधी धरायचा. निकाल चुकला असेल तर ते वरच्या कोर्टाने बघावं." आणि किंबलने एखाद्या भागात कुणाचा जीव वाचवला की, "आता थांबलास ना? आता सापडणार बघ," असं त्यालाच सांगतात. बाजू जेरार्डची, काळजी मात्र किंबलची.

शेवट वाचला नाही, वरवर नजर फिरवून पळाले. पाहून झाल्यावर येते.

सरळरेघ

लेख आवडला, मत अजिबात नाही.

चँडलर ही शुद्ध फसवणूक आहे. चार वर्षं ज्याचं नाव घेतलं नाही असा शेजारी शेवटच्या तासाला जिन्यात आणून उभा करायचा आणि वर म्हणायचं, बघा कसा धक्का दिला! रहस्यकथेचा साधा नियम आहे, गुपित वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवून लपवायचं. इथे ते ठेवलंच नव्हतं. खुनाच्या रात्रीची हकीगत पहिल्या सीझनमध्ये 'द गर्ल फ्रॉम लिटल इजिप्त' या भागात सविस्तर दाखवली आहे. त्यात जिन्यात कुणीही नाही.

रात्रपाळी

@सरळरेघ, त्या भागातली हकीगत किंबलच्या आठवणीतून येते. त्याला जिन्यातला माणूस दिसणार कसा? तो तर तळ्याकाठी बसला होता.

सरळरेघ

हे वकिली उत्तर झालं. लेखकांनाही तेव्हा तो माहीत नव्हता, हे तुम्हालाही माहीत आहे.

रात्रपाळी

मान्य. नसणारच माहीत. दर आठवड्याला नवं गाव, नवं नाव, नवी माणसं, असा तो बाज. मागचं धरून पुढचं लिहायची चैन त्या काळच्या लेखकांना नव्हतीच. शेवट लिहिणाऱ्या एकस्टाइन आणि झेगर या दोघांच्या हातात काय होतं? एक डॉक्टर, एक पोलीस, एक चोर. या तिघांत चार वर्षांत घडायचं ते सगळं घडून गेलेलं. चौथा माणूस आणल्याशिवाय गाठ सुटत नव्हती. पण चौथा म्हणून त्यांनी खरा खुनी नाही आणला, बघ्या आणला. त्यांना सोपा रस्ता होता की, जॉन्सन निर्दोष आणि खुनी भलताच. तो त्यांनी घेतला नाही.

लेकशोअर

मी अमेरिकेत, क्लीव्हलंडच्या पश्चिमेला राहतो. माझ्या घरापासून गाडीने काही मिनिटांवर बे व्हिलेज आहे, ईरी सरोवराच्या काठावर. ४ जुलै १९५४च्या पहाटे तिथे मॅरिलिन शेपर्ड यांचा घरात खून झाला. नवरा डॉक्टर सॅम शेपर्ड. त्यांचं म्हणणं, घरात एक झुपकेदार केसांचा माणूस होता, आपली त्याच्याशी झटापट झाली. कुणी विश्वास ठेवला नाही. त्याच वर्षी २१ डिसेंबरला दोषी ठरवलं, जन्मठेप.

इथली जुनी माणसं अजूनही दोन गटांत आहेत. एकदा शेजारच्या आजींना सहज विचारलं तर चहा गार होईपर्यंत ऐकून घ्यावं लागलं. त्यांच्या मते केलं त्यानेच. त्यांच्या बहिणीच्या मते मुळीच नाही. दोघी या विषयावर बोलत नाहीत म्हणे.

पण खरं वाचण्यासारखं आहे ते खटल्याचं. इथल्या एका वर्तमानपत्राने पहिल्या पानावर 'हा अजून तुरुंगात का नाही' अशा अर्थाचे मथळे छापले होते. ज्युरीत कोण येऊ शकतं त्यांची नावं-पत्ते आधीच छापून आले, मग त्यांना लोकांची पत्रं आणि फोन. कोर्टाच्या दालनात, वकिलांच्या जागेतच, पत्रकारांसाठी लांबलचक टेबल मांडलेलं. अशील वकिलाच्या कानात कुजबुजला तरी मागच्याला ऐकू जावं इतकं जवळ. न्यायाधीश आणि मुख्य सरकारी वकील दोघंही त्याच नोव्हेंबरात निवडणुकीला उभे. (हो, इथे न्यायाधीशही निवडून येतात. मला अजून सवय झालेली नाही.)

६ जून १९६६ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ असा निकाल दिला की, या गोंगाटात झाला तो न्याय्य खटला नव्हता. पुन्हा खटला चालला आणि नोव्हेंबर १९६६मध्ये शेपर्ड सुटले. तोवर जवळजवळ दहा वर्षं तुरुंगात गेली होती.

चिमटा

म्हणजे मालिका सरळ सरळ इथूनच उचलली! बायको मेली, नवरा डॉक्टर, पळून गेलेला विचित्र माणूस. फक्त झुपकेदार केसांच्या जागी तुटका हात.

लेकशोअर

सगळे तसंच म्हणतात, पण ज्यांनी मालिकेची कल्पना मांडली ते रॉय हगिन्स शेवटपर्यंत नाकारत राहिले. त्यांचं म्हणणं, मूळ व्हिक्टर ह्यूगोच्या 'ला मिझराब्ल' या कादंबरीत आहे. पाठलाग करणारा जाव्हेर तोच जेरार्ड. नावातलं साम्य ऐका. हगिन्सना हवा होता अमेरिकाभर मोकळा भटकणारा नायक, काउबॉयसारखा, पण आजच्या काळातला. असा माणूस घरदार सोडून का भटकेल, याचं उत्तर म्हणून खुनाचा आरोप आला.

खरं काय ते त्यांनाच ठाऊक. मालिका सप्टेंबर १९६३मध्ये सुरू झाली तेव्हा शेपर्ड तुरुंगातच होते, एवढं खरं.

सातारी_कंदी

शेपर्डचं पुढे काय झालं? किंबलसारखं हात धरून निघून गेले का कुणासोबत?

लेकशोअर

नाही. पुन्हा डॉक्टरी करून पाहिली, जमलं नाही. दारू वाढली. शेवटी व्यावसायिक कुस्तीच्या आखाड्यात उतरले, खरंच. एप्रिल १९७०मध्ये गेले, वय ४६. मुलाने पुढे वडिलांना 'निर्दोष' ठरवून घेण्यासाठी दिवाणी दावा लढवला. २०००मध्ये क्लीव्हलंडच्या ज्युरीने तो फेटाळला. 'दोषी ठरवता येत नाही' आणि 'निर्दोष आहे' यांत केवढं अंतर असतं ते त्या दाव्याने दाखवलं.

चिमटा

मूड गेला.

वकिली_बाणा

उशिरा आलो, पण @सरळरेघ यांच्या आक्षेपावर बोलायलाच हवं. चँडलर नाट्यासाठी आणला असं तुम्ही सगळे धरून चालला आहात. मी म्हणतो, तो कायद्याने आणायला भाग पाडला.

शेवट आठवा. बंद पडलेल्या करमणूक बागेत चँडलर जॉन्सनला मारायला बोलावतो. किंबल आणि जेरार्ड तिथे पोहोचतात. गोळीबारात जेरार्ड जखमी होतो, चालता येत नाही. किंबल जॉन्सनच्या मागे मनोऱ्यावर चढतो. वर झटापट. तिथे जॉन्सन कबूल करतो की हेलनला मीच मारलं. मग तो किंबलवर पिस्तूल रोखतो आणि खालून जेरार्ड चँडलरच्या रायफलने त्याला टिपतो. जॉन्सन खाली कोसळतो, मेला.

आता कोर्टात उभे राहा. कबुली कुणी ऐकली? किंबलने. म्हणजे मृत्युदंड झालेला, फरार झालेला कैदी सांगणार की, मेलेल्या माणसाने मला एकट्याला, उंच मनोऱ्यावर, मीच खुनी असं सांगितलं. कोण ऐकेल? वजनाचा प्रश्न नंतर, त्या काळच्या अमेरिकी कायद्यात हे पुराव्यात घेतलंच जाईल याचीही खात्री नव्हती. १९१३ सालचा डॉनेली खटला पाहा. दुसऱ्याच एका माणसाने गुन्हा कबूल केला होता आणि तो पुढे क्षयाने मेला. ती कबुली आरोपीला पुराव्यात आणू दिली नाही. ऐकीव गोष्ट म्हणून सर्वोच्च न्यायालयानेही दार बंद केलं. न्या. होम्स विरोधात गेले, पण ते अल्पमतात.

गंमत म्हणजे आपला १८७२चा पुरावा कायदा (२०२४पर्यंत तोच लागू होता) इथे जास्त उदार होता. कलम ३२(३). जे विधान खरं असल्यास बोलणाऱ्यावरच फौजदारी खटला होऊ शकला असता, असं मृत माणसाचं विधान त्याखाली आपल्याकडे पुराव्यात येऊ शकत होतं. म्हणजे जॉन्सन सातारा रोडवर मेला असता तर निदान दार उघडं होतं. आत बसायला खुर्ची मिळाली असती का, हा भाग वेगळा.

मुद्दा हा की जॉन्सनची कबुली कोर्टात जवळजवळ कवडीमोल होती. लेखकांनी ती वाया घालवली आणि मग चँडलरकडे बघितलं. त्या वेळी तो तिथेच उभा होता. पुन्हा बघ्याच! आणि या वेळी तो म्हणतो, मी साक्ष देतो. किंबलला एकहाती माणसाने नाही सोडवलं. सोडवलं प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने.

सरळरेघ

हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. अर्धी हार मान्य. अर्धी अशी की, चार वर्षांत एकदा तरी शेजाऱ्याचं नाव घ्यायला हवं होतं.

रात्रपाळी

@वकिली_बाणा, सलाम. 'पुन्हा बघ्याच' हे सुटलं होतं माझ्याकडून. बागेत जाताना तो बंदूक घेऊन गेला होता, म्हणजे साक्षीदार संपवून गप्प राहणं कायमचं पक्कं करायला. आणि परत आला तो साक्ष द्यायला.

अवांतर : ती बाग खरी होती. सांता मोनिकाची 'पॅसिफिक ओशन पार्क', तेव्हा अखेरच्या घटका मोजत होती. भाग दाखवल्यानंतर महिन्या-दीड महिन्यात कायमची बंद झाली.

जुनी_चाळ

ज्युरी आणि वर्तमानपत्रं म्हटलं की आमच्या पिढीला नानावटीच आठवणार. १९५९, मुंबई. ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष सोडलं. लेकशोअर यांच्या निकालात पण ८-१ आहे, योगायोग! सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि जन्मठेप झाली. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने तर नौदलातल्या त्या कमांडरला अंगाखांद्यावर घेतलं होतं. तिकडे छापखान्याने एकाला सुळावर चढवलं, इकडे एकाला हार घातले.

चिमटा

पण नानावटी निर्दोष नव्हते ना काका. गोळ्या त्यांनीच घातल्या होत्या. धागा निर्दोष माणसाचा आहे.

जुनी_चाळ

धागा वर्तमानपत्रांवरही गेला होता, वर वाच. आणि काका कुणाला म्हणतोस, मी मावशी आहे.

चिमटा

माफी मावशी.

सातारी_कंदी

आपल्याकडे 'चोर सोडून संन्याशाला सुळी' ही म्हण आहे, म्हणजे हे आपल्याला फार पूर्वीपासून माहीत आहे. पण खरोखरचं उदाहरण महाराष्ट्रातलं आहे का हो कुणाला ठाऊक? सुळीपर्यंत पोचलेलं?

वकिली_बाणा

आहे. आणि ते या मालिकेहून भयंकर आहे, कारण तिथे साक्षीदार गप्प नव्हता.

नाशिकजवळ २००३मध्ये शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला, खून आणि अत्याचार झाले. सहा जणांना पकडलं, सगळे भटक्या जमातीतले गरीब मजूर. २००६मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. हायकोर्टाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप केली. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप झालेल्या त्या तिघांनाही पुन्हा फाशीची शिक्षा सुनावली. म्हणजे पुन्हा सहाच्या सहा.

५ मार्च २०१९ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. कारण काय, तर घटनेनंतर लगेच प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडच्या फोटोंमधून चार वेगळीच माणसं ओळखली होती. ते कागदावर होतं. त्या चौघांची चौकशी झालीच नाही. न्यायालयाने प्रत्येकी ५ लाख भरपाई आणि चुकलेल्या अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. सोळा वर्षं गेली. त्यांच्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

चँडलर बोलला नाही म्हणून किंबल अडकला. इथे बोललेलं फाईलमध्ये पडून राहिलं. फाईलला जिना समजा हवं तर.

कोकणकडा

सोळा वर्षं. किंबल चारच पळाला, तेही मोकळ्या हवेत.

जुनी_चाळ

पाच लाखाला सोळाने भागलं तर वर्षाचे एकतीस हजार आणि काही. मी आत्ता केला हिशेब. करायला नको होता.

पानगळ

गेले दोन दिवस नुसती वाचतेय. एक वेगळंच सांगते. फ्रेड जॉन्सनचं काम करणारे बिल रेश हे मूळचे नर्तक होते, ब्रॉडवेच्या मोठ्या ताफ्यांत नाचलेले. दुसऱ्या महायुद्धात जहाजावरची आग विझवताना भाजले आणि उजवा हात गेला. एवढ्या मोठ्या मालिकेत ते अगदी मोजक्या भागांत दिसतात, पण धाक सगळ्या १२० भागांना पुरला. आणि जेरार्ड झालेले बॅरी मोर्स मोठे रंगभूमीचे नट, रस्त्यात लोक त्यांना शिव्या घालायचे, त्या बिचाऱ्या डॉक्टरला सोड म्हणून.

तुम्ही सगळे चँडलरवर बोलताय, मला मात्र शेवटचा हात मिळवणं आवडलं. कोर्टाबाहेर जेरार्ड हात पुढे करतो आणि किंबल क्षणभर थांबतो. तो क्षण किंबल झालेल्या डेव्हिड जॅन्सनने काय वापरलाय! मग हात देतो. 'चुकलं माझं' असं जेरार्डने म्हणायला हवं होतं का? मला वाटतं, म्हटलं असतं तर खोटं वाटलं असतं.

सरळरेघ

मला वाटतं म्हणायलाच हवं होतं. हात मिळवणं म्हणजे पोलिसांना स्वस्तात सुटका.

रात्रपाळी

हातापेक्षा मला त्याच्यानंतरचं लक्षात राहिलं. पोलिसांची गाडी बाजूला येऊन थांबते आणि किंबल दचकतो. निकाल लागलाय, सगळं संपलंय, तरी अंग दचकतं. जीनला त्याला आठवण करून द्यावी लागते. मग निवेदक विल्यम कॉनरॅडचा तो आवाज : मंगळवार, २९ ऑगस्ट, पळणं थांबलं तो दिवस.

फुलवा

आले. रोज तीन-तीन भाग बघून संपवलं, घरात दोन वेळा खिचडी झाली.

सासऱ्यांचा अहवाल. जेरार्डने चोवीस तास दिले तेव्हा, "हे बेकायदेशीर आहे." बागेत जखमी जेरार्डने स्वतःचं पिस्तूल किंबलच्या हातात दिलं तेव्हा उठून उभे राहिले. "सरकारी हत्यार? कैद्याच्या हातात? सस्पेंड व्हायचं काम आहे हे!" मग खाली बसून हळूच, "पण मीही दिलं असतं."

जिन्यातला प्रसंग आला तेव्हा काहीच बोलले नाहीत. मी म्हटलं, बाबा, तुम्ही असे साक्षीदार पाहिलेत का? तर म्हणाले, "जिन्यातले, खिडकीतले, गच्चीतले. पंचनाम्याला दहा घरांची दारं वाजवली की नऊ घरं म्हणायची, आम्ही झोपलो होतो. दुपारी तीन वाजता झोपलेले."

आज सकाळी पेपर वाचताना आपणहून म्हणाले, "त्या चँडलरच्या बायकोला माहीत होतं का गं आधीपासून?" मी म्हटलं, लक्षात नाही, दुसरा भाग परत लावू. ते चष्मा शोधतायत.